भ्यायचं कुणाला, हसायचं कुणाला, मारायचं कुणाला

(कुही, जि. नागपूर येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय तसा हलकाफुलका आहे. मारधाडीचे, विनोदी आणि भुताखेतांचे सिनेमे. मागच्या काही वर्षांत आम्ही जे पाहिले, काही नागपूरला जाऊन, काही घरी टीव्हीवर, बरेचसे मोबाइलवर, त्यांच्याबद्दल मोकळेपणानं बोलायचं आहे. आम्ही म्हणजे पाच-सहा जण. सोबत सिनेमे पाहतो आणि येताना रस्ताभर भांडतो. आज बोलणारा एकच आहे, पण मतं त्या भांडणातून आलेली आहेत, म्हणून 'आम्ही' म्हणतोय. आणि आधीच सांगून ठेवतो, काही सिनेमांच्या गोष्टी आज फुटणार आहेत. ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी थोडं सांभाळून घ्यावं.

सिनेमा पाहून आलं की घरचे विचारतात, कसा होता? आपलं उत्तर तीनपैकी एक असतं. मस्त, बकवास, नाहीतर टाइमपास. आपली सगळी समीक्षा या तीन शब्दांत बसते, आणि त्यात काही वाईट नाही. पण त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारून पाहा, तो म्हणजे 'कुणाला?'

भुताचा सिनेमा असेल तर त्यानं आपल्याला कुणाला भ्यायला लावलं? विनोदी असेल तर कुणाला हसायला लावलं? मारधाडीचा असेल तर मार कुणाला बसला आणि आपण शिट्टी कुणाच्या बाजूनं वाजवली? पुरस्कारवाल्या गंभीर सिनेमात पात्रं निवांत बसून दिग्दर्शकाचं मत बोलून दाखवू शकतात. या तीन प्रकारांना तेवढी सवड नसते. इथं दिग्दर्शकाचं मत त्या निवडीत असतं, की समोर कुणाला उभं करायचं. म्हणून हे सिनेमे हलके असले तरी त्यांचं वजन करायला पाहिजे, असं आमचं म्हणणं आहे.

भीती

सुरुवात 'तुंबाड'पासून करू. सिनेमा हिंदी, पण वाडा मराठी, पाऊस कोकणातला आणि घरातली माणसं आपली. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो पहिल्यांदा आला तेव्हा फार गर्दी झाली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला, तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. असं आपल्याकडे क्वचित होतं. मधल्या सहा वर्षांत तो लोकांनी मोबाइलवर पाहिला, एकमेकांना सांगितला, आणि मग मोठ्या पडद्यावर पाहायला बाहेर पडले.

आपल्या भागासाठी यात एक मजेची गोष्ट आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय की नारायण धारपांची एक गोष्ट त्यांना १९९३ साली एका मित्रानं ऐकवली, आणि ती ऐकवली नागझिऱ्याच्या जंगलात. नागझिरा म्हणजे आपल्या शेजारच्या भंडारा-गोंदियातलं. कोकणातल्या वाड्यातली जी भीती आपण पडद्यावर पाहिली, तिचं बी असं आपल्याच झाडीत पडलं होतं.

आता 'कुणाला' हा प्रश्न लावा. 'तुंबाड'मधला हस्तर भयानक आहे, यात वाद नाही. पण तो स्वतः कुणाच्या घरी जात नाही. तो आपल्या जागी, खाली गर्भात पडून आहे. विनायक दोर लावून त्याच्याकडे उतरतो, कणकेची बाहुली घेऊन, चार-दोन सोन्याच्या मोहरांसाठी. आणि पुढं आपल्या पोरालाही तेच काम शिकवतो. मग पोरगा बापाच्या पुढं जातो. एक एक मोहर कशाला, सगळी लंगोटच आणू म्हणतो, आणि जास्त बाहुल्या न्यायची अक्कल लढवतो. थिएटरात आमच्या अंगावर काटा आला तो तिथं. हस्तराच्या तोंडापेक्षा त्या पोराच्या हिशेबानं आम्ही जास्त घाबरलो. एका पिढीची हाव दुसऱ्या पिढीत 'हुशारी' होते, हे आपण घराघरांत पाहतोच.

तक्रारही आहे. बायका या सिनेमात उंबरठ्याच्या आतच राहतात. आई, बायको, ठेवलेली बाई, साऱ्या जणी विनायक परत यायची वाट पाहतात. एवढ्या ताकदीच्या सिनेमात त्यांना थोडं जास्त काम मिळायला पाहिजे होतं.

दुसरा सिनेमा 'लपाछपी', २०१७ चा, विशाल फुरिया यांचा. पूजा सावंत गरोदर बाई झाली आहे, आणि चारी बाजूंनी ऊस. ज्यांनी उसाचं रान पाहिलंय त्यांना माहीत आहे, भर दुपारी आत शिरलं तरी दोन पावलांपुढचं दिसत नाही. दिग्दर्शकानं अंधाराची मदत न घेता दिवसाउजेडी भीती उभी केली, याचं आम्हाला फार कौतुक आहे. आणि भीती कुणाची? पोटातल्या आणि पाळण्यातल्या मुली संपवणाऱ्या जिवंत माणसांची. भूत तिथं आहे, पण ते फिर्यादी आहे. आरोपी चूल पेटवतोय, जेवायला वाढतोय, 'बाळ कसंय' म्हणून विचारतोय. उषा नाईक यांनी ती बाई अशी केली आहे की तिच्या मायेचीच भीती वाटावी. याच दिग्दर्शकानं पुढं २०२१ मध्ये हिंदीत 'छोरी' केला. तो आम्हाला थोडा सैल वाटला. मराठीत जे उसानं सांगितलं होतं, ते हिंदीत शेवटी बोलून सांगावं लागलं.

'मुंज्या' तुम्ही बऱ्याच जणांनी पाहिला असेल. जून २०२४, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. याच सरपोतदारांनी २०२२ मध्ये मराठीत 'झोंबिवली' केला होता. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला वस्ती आणि मध्ये झोंबी. 'मुंज्या' हिंदीत आला आणि शंभर कोटींच्या वर गेला. मुंज झालेला, पण सोडमुंज न झालेला मुलगा गेला की पिंपळावर मुंजा होतो, ही समजूत. मुंज मोजक्या घरांत होते, पण मुंजा मात्र महाराष्ट्रभर सगळ्यांना ठाऊक असतो. भुतं जातपात ओलांडून कशी पसरतात, हा एक वेगळ्या व्याख्यानाचा विषय होईल.

सिनेमात त्या पोराला एक मुलगी पाहिजे. ती नाही म्हणते, मोठी होते, तिचं लग्न होतं, म्हातारी होते. हा अजून पिंपळावरच, 'लग्न करीन' म्हणत. म्हणजे इथं भ्यायचं कुणाला? नकार न ऐकणाऱ्या पोराला. खिदळणाऱ्या, चिडणाऱ्या, लाडावलेल्या हट्टाला. ही निवड आम्हाला आवडली. सुहास जोशींची आजी तर सगळ्यांत आवडली. मध्यंतरानंतर मात्र संगणकावरची करामत वाढते आणि भीती कमी होते. भूत जितकं जास्त दिसतं तितकं ते ओळखीचं होऊन जातं, हे जुनंच गणित आहे. 'स्त्री २' चं तेच झालं. पहिल्या 'स्त्री'त रात्री बाहेर पडायला पुरुष घाबरतात, आणि आपल्या घरच्या बायका रोज जे जगतात ते उलटं करून दाखवलं होतं. साधी युक्ती, पण जबरदस्त. दुसऱ्या भागात विनोद तसाच चांगला आहे, पंकज त्रिपाठी तर काय बोलावं. पण शेवटी दुसऱ्या सिनेमातले पाहुणे येऊन ताकद लावतात, आणि गावाची गोष्ट गावाच्या हातातून निसटते.

आता थोडं गंभीर बोलतो. २०२५ च्या जूनमध्ये 'जारण' आला. दिग्दर्शक हृषीकेश गुप्ते, मुख्य भूमिकेत अमृता सुभाष, आणि गंगुटीच्या भूमिकेत अनिता दाते. करणी झाली आहे असं मनात घेतलेली बाई आणि तिचं ढासळत जाणारं मन. अमृता सुभाष यांचं काम पाहण्यासारखं आहे, डोळ्यांत भीती आणि हट्ट दोन्ही सोबत. हा आजार आहे की करणी, हा प्रश्न सिनेमा बराच वेळ लोंबकळत ठेवतो. येताना आमचं सगळ्यांत मोठं भांडण यावरच झालं. निम्मे म्हणाले, हा मनाच्या आजाराचा सिनेमा आहे आणि असा मराठीत पाहिजेच होता. निम्मे म्हणाले, करणीचं दार उघडंच ठेवलं ना शेवटी.

कलेच्या बाजूनं पाहिलं तर दार उघडं ठेवण्यात चूक नाही. पण आपण हा सिनेमा कुठं बसून पाहतोय? ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात, भानामतीच्या संशयावरून सात माणसांना भर चौकात बांधून मारलं. त्यांत म्हाताऱ्या बाया होत्या. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला आणि त्यानंतर तो आला. त्यासाठी लढणाऱ्यांत श्याम मानवांची समिती आहे, आणि ती आपल्या नागपूरचीच. म्हणजे कायदा आठ वर्षांचा झाला होता तेव्हा हे घडलं.

म्हणून भुताचा सिनेमा पाहताना आम्ही एक गोष्ट हटकून पाहतो. एकटी राहणारी, केस पिकलेली, कुणाशी फार न बोलणारी बाई पडद्यावर आली, की कॅमेरा तिच्याकडे कसा पाहतो? संगीत लगेच बदलतं का? आणि शेवटी तीच चेटकीण निघते का? कितीतरी सिनेमांत निघते. त्या दिग्दर्शकांच्या मनात वाईट नसतं, सोपा रस्ता म्हणून ते तिकडून जातात. पण गावात संशय घेणाऱ्यांचा रस्ताही तोच असतो. 'लपाछपी' त्या रस्त्यानं गेला नाही, 'तुंबाड' गेला नाही. 'जारण' त्या वळणावर उभा राहून दोन्हीकडे पाहतो. ज्यांना त्यातला आजार दिसला त्यांना सिनेमा कळला, असं आम्ही म्हणू. पण ज्यांना करणीच दिसली ते घरी जाऊन कुणाकडे बोट दाखवतील, याची काळजी आम्हाला वाटते.

हसू

चला, थोडं हसू या. आपल्याकडे भूत आणि विनोद एकत्र म्हटलं की १९९३ चा 'झपाटलेला'. महेश कोठारेंचा दिग्दर्शक म्हणून डाव, लक्ष्मीकांत बेर्डे, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि रामदास पाध्येंची बाहुली. कल्पना अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ च्या सिनेमावरून सुचलेली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या बाहुलीचं बारसं 'तात्या' आणि 'विंचू' असं केलं आणि ती आपली झाली. इथं आपण कुणाला हसतो? घाबरणाऱ्या लक्ष्याला. त्याची बोबडी वळते, कुणी त्याचं ऐकत नाही, आणि आपण पोट धरून हसतो, कारण रात्री पाणी प्यायला उठताना आपलीही तीच गत असते. स्वतःच्या भीतीला हसायला लावणारा विनोद सगळ्यांत निरोगी. तीसेक वर्षं झाली तरी तो टीव्हीवर लागला की पोरं खिळून बसतात.

अलीकडचं म्हणाल तर 'नाच गं घुमा', मे २०२४, परेश मोकाशींचा. नोकरी करणारी बाई आणि तिच्याकडं काम करणारी बाई, मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव. यात सोपा रस्ता काय होता? कामवालीच्या बोलण्याला, तिच्या दांड्यांना हसायचं. मोकाशींनी हसू मालकिणीकडं वळवलं. कामवाली सुटली की जिचं अख्खं घर कोसळतं, ती 'मॅडम' हसण्याजोगी झाली. 'लापता लेडीज'ही त्याच वर्षीचा, किरण राव यांचा. घुंगटात बायको बदलली तरी नवऱ्याला पत्ता नाही. आपण पोटभर हसतो, पण हसतो रीतीला. त्या दोन पोरींना कुणी हसत नाही. आणि तो पान खाणारा फौजदार, रवी किशन, लाचखोर आहे तरी शेवटी टाळ्या घेऊन जातो.

याच्या उलट 'हाउसफुल ५'. एका सिनेमाचे दोन शेवट, 'अ' आणि 'ब', वेगवेगळ्या थिएटरांत. कल्पना गमतीची आहे. पण पाच-सहा नट मिळून बायकांच्या कपड्यांवर आणि अंगावर हसतात, आणि आपणही हसावं अशी अपेक्षा करतात. आम्ही 'अ' पाहिला. 'ब' पाहायची इच्छा कुणाला झाली नाही.

आता आपल्या घरचा मुद्दा. आपली बोली. मराठी सिनेमात कुणी 'काहून' म्हणालं, 'काय करून राहिला बे' म्हणालं, की पुण्या-मुंबईच्या थिएटरात विनोद व्हायच्या आधीच हशा होतो. भारत गणेशपुरेंसारख्या कलाकारानं या बोलीला टीव्हीवर मोठं प्रेम मिळवून दिलं, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. त्यांचं टायमिंग असं की शब्द बाजूला काढला तरी विनोद उभा राहतो. पण नकलाकारांनी फक्त शब्द उचलले. आता वऱ्हाडी बोलणारं पात्र म्हटलं की ते भोळं, आळशी नाहीतर विसरभोळं. नायक होऊन, प्रेमात पडून, रागावून, वकील होऊन कुणी वऱ्हाडी बोलताना आपण पडद्यावर किती पाहिलंय? आणि सगळं 'वऱ्हाडी' या एकाच पोत्यात भरतात. अमरावती-अकोल्याचं बोलणं वेगळं, आपल्या पलीकडं भंडारा-चंद्रपूरची झाडी वेगळी, नागपूरच्या मोहल्ल्यातली हिंदी-मराठी खिचडी आणखी वेगळी. नागराज मंजुळेंचा 'झुंड' मार्च २०२२ चा. त्यात नागपूरची पोरं त्यांच्याच भाषेत बोलली, तर इथल्यांना लगेच ओळख पटली.

या बाबतीत आम्हाला एक सिनेमा आठवतो, जो आजच्या तीन प्रकारांत बसत नाही. मार्च २०२५ चा 'स्थळ', जयंत दिगंबर सोमलकर यांचा. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, बरीचशी माणसं तिथलीच. सुरुवातीलाच एक उलटा प्रसंग आहे. खुर्च्यांवर बाया बसल्यात आणि मुलगा पाहायला आणलाय, त्याची उंची विचारतात, शिक्षण विचारतात. थिएटर हसतं. नंतर तेच प्रश्न सविताला विचारले जातात, एकदा, दोनदा, तीनदा, आणि हसणं आपोआप थांबतं. भाषा सुरुवातीपासून तीच आहे. म्हणजे बोली विनोदी नव्हती, पाहणाऱ्याला तशी सवय लागली होती. विनोदी सिनेमे लिहिणाऱ्यांनी हा सिनेमा दोनदा पाहावा.

मार

आता मारधाड. आमच्यातल्या दोघांना हेच आवडतं, बाकी सगळं त्यांना 'स्लो' वाटतं.

'जवान' सप्टेंबर २०२३ चा. शाहरुख खानची मेट्रो पळवून मागणी काय, तर शेतकऱ्यांचं कर्ज फेडा. ट्रॅक्टरच्या कर्जावर व्याज किती आणि महागड्या मोटारीच्या कर्जावर किती, हे त्या सिनेमानं दोन वाक्यांत सांगितलं, आणि आपल्या भागात त्या प्रसंगाला थिएटरात शांतता झाली. होणारच. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला कुटुंबासह जीवन संपवलं. त्या तारखेला आजही इथं अन्नत्याग करतात. इतक्या वर्षांत दिल्लीची कर्जमाफी झाली, मुंबईच्या झाल्या, आणि तरी सातबाऱ्यावरचा बोजा हा आपल्या बोलण्यातला रोजचा शब्द आहे.

तर 'जवान'ची निवड बरोबर आहे. मार बसतो तो मंत्र्याला, व्यापाऱ्याला. शिट्टी वाजवायला मन कचरत नाही. पण शेतकरी त्यात किती वेळ आहे? मरण्यापुरता. एकदा त्याचा जीव गेला की गोष्ट नायकाची. पैसे खात्यात जमा होतात, मोबाइल वाजतात, लोक नाचतात. हे स्वप्न म्हणून ठीक आहे, तीन तासांचं स्वप्न पाहायला कुणाला नको आहे? फक्त ते स्वप्न पाहून आल्यावर बँकेच्या रांगेत जास्त एकटं वाटतं, असं आमच्यातला एक जण म्हणाला.

'ॲनिमल' डिसेंबर २०२३ चा. यात मराठी माणसाला खूश करायची पूर्ण सोय आहे. उपेंद्र लिमयेंचा फ्रेडी येतो आणि अजय-अतुलचं 'जाऊंद्या ना बाळासाहेब'मधलं 'डॉल्बीवाल्या' वाजतं. आम्हीही शिट्ट्या वाजवल्या, लपवायचं कशाला. लिमयेंनी दहा मिनिटांत जे केलं ते बाकीच्यांना तीन तासांत जमलं नाही. पण त्या हॉटेलातल्या मारामारीत एक गोष्ट पाहा. समोरून येणाऱ्यांनी मुखवटे घातलेत. शेकडो माणसं मरतात आणि एकाचाही चेहरा दिसत नाही. चेहरा नसला की मारणं सोपं होतं, मारणाऱ्यालाही आणि पाहणाऱ्यालाही. आणि घरातल्या बायकांचे चेहरे दिसतात, तेव्हा त्यांनी फक्त सोसायचं. हिंसा जास्त आहे ही आमची तक्रार नाही. एवढ्या हिंसेत समोरच्याला माणूस समजायची गरजच दिग्दर्शकाला वाटली नाही, ही आहे.

'पुष्पा २' डिसेंबर २०२४ चा. मूळ तेलुगू, पण हिंदीत त्याहून जास्त चालला. आणि हिंदीत पुष्पाचा आवाज कुणाचा? आपल्या श्रेयस तळपदेंचा. या सिनेमाची ओढ आपल्याकडं का आहे, हे समजण्यासारखं आहे. जंगल, त्यात मजुरी करणारा पोरगा, वरचे साहेब, आणि एक दिवस तो पोरगा साहेबासमोर पायावर पाय टाकून बसतो. जंगलाच्या काठावर राहणाऱ्या माणसाला हे चित्र सुखावणारच. साडी नेसून, देवीचं रूप घेऊन तो नाचतो, लढतो, तो भाग तर अल्लू अर्जुननं कमालीचा केलाय. आपल्याकडं देवीचा संचार ज्यांनी पाहिलाय त्यांना ते परकं वाटलं नाही. तरी पहिल्या भागात कुऱ्हाड पुष्पाच्या हातात होती. दुसऱ्या भागात कुऱ्हाडवाले मजूर मागच्या रांगेत गेले, आणि झाड तर आधीपासूनच फक्त माल होतं.

मराठीत याला उत्तर म्हणून आम्ही 'मुळशी पॅटर्न'चं नाव घेतो. २०१८, प्रवीण तरडे. पुढं सलमान खाननं त्यावरून 'अंतिम' केला. जमीन विकलेला बाप आणि कोयता हातात घेतलेला पोरगा. त्यात मारणारा आणि मरणारा एकाच मातीतले आहेत. दोघांच्याही घरी सातबारा होता, आता नाही. म्हणून त्या सिनेमात प्रत्येक वार आपल्यालाही लागतो. संवाद टाळ्यांसाठी लिहिलेत, भाषणबाजी आहे, सगळं खरं. पण वार कुठून आला हे तो सिनेमा विसरत नाही. नागपूरच्या भोवती, उमरेड रोडनं, आपल्या कुहीकडं शेतांचे लेआउट पडताना आपण रोज पाहतो. मुळशी पुण्याजवळ आहे हे खरं, पण तो पॅटर्न तिथंच थांबलेला नाही.

इथली भीती

आता शेवटचा मुद्दा. कोकणाच्या वाट्याला सिनेमात भूत आलं. पुण्याच्या वाट्याला मध्यमवर्ग, कोल्हापूरच्या वाट्याला पाटील आणि तालीम. आपल्या वाट्याला काय आलं? एक विनोदी नोकर आणि एक आत्महत्या करणारा शेतकरी. मधली सगळी माणसं गायब.

खरं तर या तिन्ही प्रकारांचा माल आपल्याकडं भरपूर आहे. भीतीचंच घ्या. रब्बीत शेतीची वीज बरेचदा रात्रीची मिळते. गव्हाला, चण्याला पाणी द्यायचं तर रात्री अकराला, एकला बांधावर जावं लागतं. हातात बॅटरी, पायाखाली साप, आणि उमरेड-कऱ्हांडल्याचं जंगल लागून असलेल्या गावांत पलीकडच्या तुरीत वाघ असू शकतो. पंप सुरू झाल्याचा आवाज येतो आणि त्या आवाजात दुसरा कुठलाच आवाज ऐकू येत नाही. याहून मोठा भयपट कोणता? भ्यायचं कुणाला, तर वाघाला का? तो तर त्याच्या घरी आहे. रात्रीची पाळी ज्यानं ठरवली त्या वेळापत्रकाला भ्यायचं. हा सिनेमा कुणी केलेला नाही.

गोसीखुर्द घ्या. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हातून पायाभरणी झाली. वैनगंगेचं पाणी आपल्याही तालुक्यात शिरलं, गावं उठली, नव्या वसाहती झाल्या. 'तुंबाड'मध्ये रिकामा वाडा आणि पाऊस पाहून लोक शहारतात. इथं कमी पाण्याच्या दिवसांत जुन्या गावाच्या खुणा वर येतात, आणि माणसं जाऊन बोट दाखवतात, इथं आपलं घर होतं.

आणि हे सगळं एकत्र कालवायची रीतही आपल्याकडं जुनी आहे. झाडीपट्टी रंगभूमी. धान निघालं की वडसा-देसाईगंजकडच्या कंपन्या गावोगाव निघतात, रात्रभर नाटक चालतं. एकाच रात्रीत रडवतात, हसवतात, गाणी म्हणतात, खलनायकाला बडवतात, आणि पहाटे माणूस घरी जातो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. भय आणि विनोद एकत्र आणला म्हणून 'स्त्री' आणि 'मुंज्या'चं नवल सगळीकडं झालं. रात्रभर झाडीचं नाटक पाहिलेल्या प्रेक्षकाला त्यात नवं काही नव्हतं. पण तो प्रेक्षक अजून आपली गोष्ट पडद्यावर येण्याची वाट पाहतोय. इथं समोर बसलेल्या पोरापोरींच्या हातात चांगले फोन आहेत. वेळापत्रकाचा तो भयपट दहा मिनिटांचाही होऊ शकतो.

इथंच थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

*एक श्रोते:* सर, मग भुताचे सिनेमे लहान मुलांना दाखवू नये का?

वय पाहून दाखवा, आणि सोबत बसून पाहा. सिनेमा संपल्यावर भूत असतं की नसतं, एवढ्यावरच थांबू नका. त्यांना विचारा, यात वाईट कोण होतं? 'तुंबाड' पाहून पोरगं 'विनायक' म्हणालं, तर ते पोरगं भुताला भिणारं नाही, एवढं नक्की.

*एक श्रोत्या:* तुम्ही म्हणता ते बरोबर, पण दिवसभर कामं करून रात्री सिनेमा पाहताना एवढा विचार कोण करते, भाऊ? आम्हाले तर थोडं हसाले पाहिजे.

ताई, पाहिजेच. हसाच. आम्हीही आधी हसतो, मग भांडतो. फक्त ज्या सिनेमात तुमच्यासारखं बोलणाऱ्या बाईला सगळे हसतात, तो पाहताना तुम्हाला हसू आलं का, एवढं एकदा सांगा.

*त्याच:* नाही येत.

मग विचार तुम्ही करताच आहात.